नबाबिणीचं डावं दार

१

वांगी खाली, मेथी वर आणि मधल्या जागेत माय, असा आमचा गाडी भरायचा रिवाज होता.

गाडी म्हणजे बैलगाडी नव्हे. फ्रान्सात बनलेली, गर्द निळ्या रंगाची, दोन बैलगाड्या एकामागे एक लावाव्यात एवढी लांब मोटार. हिंगोलीकडच्या एका जहागीरदाराच्या घरी ती वर्षानुवर्षं होती. जहागिरी गेल्या, ते लोक सामान आवरून हैदराबादेला निघाले, आणि ही अवजड बाई सोबत नेणं कोणालाच परवडेना. मी एक बैलजोडी देऊन ती घेतली. बैल पाहून त्यांच्या कारभाऱ्याला आनंद झाला, मोटार पाहून मला. समोरचा फसला असं दोघांनाही वाटलं.

मी लढाईत फौजेच्या मोटार कंपनीत होतो. मिसरच्या वाळूत लॉऱ्या हाकल्या, खोलल्या, जोडल्या. लढाई संपल्यावर रिसोड-रिठद रस्त्यावरच्या आमच्या मळ्यात परत आलो आणि वांग्याला पाणी द्यायला लागलो. पण हातांना इंजिनाची सवय लागली की ती सुटत नाही.

गाडी आणली त्या दिवशी शेजारच्या मळ्यातले पुंजाजी काका तिच्याभोवती एक फेरी मारून आले.

"शालिका, बैल देऊन लोखंड आनलं गा तू. आता वखर हे ओढन काय?"

"ओढन काका. तिच्या मापाचं जू तेवढं तुमी पाहा."

काका इतके हसले की त्यांना खोकला लागला. मग आत बसून पाहू का म्हणाले, आणि बसले ते उतरेचनात.

आत खरंच महाल होता. मागच्या भागात डाळिंबी मखमलीची बैठक, खिडक्यांना रेशमी पडदे, दोन्ही बाजूंना फुलं ठेवायला काचेच्या नळकांड्या. माझी बायको पंचफुला त्यांत कोथिंबिरीच्या जुड्या खोचायची. ड्रायव्हरची जागा पुढे, आणि मधे जाड काचेची भिंत. मालकाला काही सांगायचं असलं तर त्याने मागे टांगलेल्या नळीत बोलायचं, आणि ड्रायव्हरच्या कानापाशी हस्तिदंती तोंडातून ते ऐकू यायचं. आमच्यात मालक कोणीच नव्हता. मागे वांगी बसत, आणि वांग्यांना काही सांगायचं नसतं.

गावानेच तिचं नाव ठेवलं, नबाबीण.

२

नबाबीण खाणारी होती. जहागीरदाराच्या पेट्रोलवर वाढलेली ती, मी माळी माणूस. म्हणून मी तिला गरिबीची सवय लावली.

चालू करायची तेवढी पेट्रोलवर, गरम झाली की तोटी फिरवून रॉकेलवर. क्लचचं चामडं झिजलं तेव्हा फुटक्या मोटेचं चामडं कापून बसवलं, ते मूळच्यापेक्षा जास्त टिकलं. रेडिएटर गळायला लागला तर हळद आणि ज्वारीचं पीठ टाकायचं. गळती थांबायची, पण दोन-चार दिवस नबाबीण पिवळं पाणी टाकत चालायची आणि पुंजाजी काका म्हणायचे, "लगन ठरलं वाट्टे हिचं, हयद लागली." मागच्या चाकात ट्यूब नव्हती, चिंध्या आणि वाळलेलं गवत ठासलेलं होतं. आणि उतार आला की इंजिन बंद.

किन्हीराजा गावातल्या एका लग्नात नवरदेव नबाबिणीतून गेला. बदल्यात वधूच्या बापाने पोतंभर शेंगा दिल्या. परतताना आम्ही त्या सोलत, टरफलं खिडकीबाहेर उडवत, मोठमोठ्याने गात आलो. त्या वर्षाइतकं हसणं आमच्या घरात आधी कधी झालं नव्हतं.

न हसणारी एकच होती, माझी माय, हौसाबाई. मुदतीच्या तापात तिचे कान गेले, त्याला बरीच वर्षं झाली होती. आधी ती बोलकी होती, पाटावर धुणं धुताना चार मळ्यांतल्या बाया तिच्याभोवती जमत. कान गेल्यावर तिचा आवाज मोठा आणि सपाट झाला, आणि हळूहळू ती बोलेनाशीच झाली. बाजारात बोटांनी भाव सांगायची, मान हलवून माल द्यायची. बोललीच तर एका दमात बोलून टाकायची. उत्तराला थांबायची नाही. कशाला थांबेल? उत्तर तिच्यापर्यंत येणारच नव्हतं.

एका सकाळी रिसोडच्या अलीकडच्या टेकाडावर आलो आणि रोजच्यासारखं इंजिन बंद केलं. गाडी उताराला लागली. चाकांची घरघर, वाऱ्याची झुळूक, दुसरा आवाज नाही. आणि कानापाशी नळीतून मायचा आवाज आला.

ती बोलत होती. सपाट आवाजात नव्हे, हळू, लाडिक, पाटावरच्या आवाजात. म्हणाली, "मंग सुनेनं काय केलं वं?"

आणि थांबली.

गाडी निम्मा उतार उतरली तोवर ती थांबलेलीच होती. मग ती खुदकन हसली.

३

माणूस स्वतःशी बोलतो. म्हातारी माणसं जास्तच बोलतात. मी स्वतःला तेच समजावलं. आवाज बदललेला वाटला तो नळीमुळे, नळीतून कोणाचाही आवाज मऊ येणार.

पण ते थांबणं काही समजावता येईना. बहिऱ्या माणसाला थांबायचं कारण काय?

दुसऱ्या दिवशी उतारावर मी मुद्दाम कान लावला. मायचं बोलणं, मग थांबणं. त्या थांबण्यात काहीतरी होतं. शब्द नव्हते. सुपात धान्य हळूच पाखडावं तसा श्वासाचा, बारीक आवाज. वाऱ्याचा असेल, म्हणून मी काच वर केली. आवाज राहिला. नळीत फडकं कोंबलं. रिसोडला पोचलो तेव्हा फडकं माझ्या मांडीवर पडलेलं होतं. धक्क्याने पडलं असेल. रस्ताही काही धड नव्हता.

पुढच्या खेपेला मी पंचफुलाला म्हटलं, "आज तू मागं बस मायपाशी. काय बोलते थे पाय."

ती मेथीच्या जुड्यांमधे आनंदाने जाऊन बसली. उतारावर मी कान लावला. मायचं बोलणं आलं, थांबणं आलं. पंचफुलाचा आवाज कुठेच आला नाही.

बाजारात उतरली तेव्हा ती डोळे चोळत होती.

"झोप लागली मले," ती म्हणाली. "अशी लागली जशी लहानपनी मायच्या मांडीवर लागे."

मी तिच्या पाठीकडे पाहत होतो. सकाळी घरून निघाली तेव्हा तिचा साधा अंबाडा होता. आता पाठीवर वेणी होती. तीन पेडांची नाही, मी मोजले, पाच पेडांची. एक केस सुटलेला नव्हता. चापून, चमकत, खाली टोकाला मेथीच्या जुडीची वाकाची दोरी गुंडाळून बांधलेली.

"हे कोनं घातली?"

तिने हात मागे नेऊन चाचपून पाहिलं. चेहरा उजळला.

"आत्याबाईनं घातली असन."

आम्ही दोघांनीही मायच्या हातांकडे पाहिलं. ती टोपली उतरवत होती. संधिवाताने तिची बोटं बाभळीच्या मुळांसारखी वळलेली. तिचं स्वतःचं लुगडंदेखील पंचफुला नेसवून द्यायची.

पंचफुलाने पुन्हा एकदा टोकापर्यंत वेणी चाचपली. मग वेणी पुढे खांद्यावर घेतली.

"कोनं बी घालो," ती म्हणाली. "लय झाक घातली."

दिवसभर ती बाजारात मान ताठ ठेवून हिंडली. बाया विचारत होत्या, ती हसत होती. मला वांगी मोजता येत नव्हती.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी जेवणं झाल्यावर आम्ही मायला विचारलं. तिला विचारायचं म्हणजे समोर बसून ओठ हलवायचे आणि हात करायचे. मी मोटारीकडे बोट दाखवलं, तोंडापाशी बोटं हलवली, हात उलटा केला. तू बोलतेस कोणाशी?

माय लाजली. खरंच लाजली, नव्या नवरीसारखी.

"म्हातारी हाये एक," ती म्हणाली. "मायापक्षा मोठी. लय गोष्टी हायेत तिच्यापाशी. हसून हसून पोट दुखते बाप्पा."

पंचफुलाने कानावर हात ठेवून विचारलं, तुम्हाला तिचं ऐकू कसं येतं?

"तिले बी नाई येत ऐकू," माय म्हणाली. "ठार बहिरी हाये थे."

"मंग बोलता कशा वं दोघी?"

हे मायने ओठांवरून ओळखलं. "तुमी कानवाले तरी कोनाचं आयकता? तरी बोलताच ना."

पंचफुला पदर तोंडाला लावून हसत सुटली. मलाही हसू आलं. मायही हसली, आणि तिघंही हसत असताना मी सहज विचारलं, ती चढते कुठे, उतरते कुठे?

मायचं हसू गेलं नाही, पण डोळे खाली गेले.

"उतरत नाई. दार नाई उघडत तिच्यानं. मले म्हनते, पोराले सांग, डावं दार उघड म्हना."

मी उठून छपराखाली उभ्या गाडीपाशी गेलो. भर दुपार होती, ऊन छपराच्या फटींतून मखमलीवर पडलं होतं. माल आम्ही नेहमी उजव्या दाराने चढवायचो, कारण डावी बाजू छपराच्या कुडाला लागून उभी असायची. आत वाकून डाव्या दाराला हात लावला. आतून मूठच नव्हती. तुटलेली नव्हती. काढलेली होती, भोक बुजवलेलं होतं, आणि वरून मखमल इतकी सुबक शिवलेली की एवढ्या दिवसांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

बाकी सगळीकडे मखमल दाट होती. फक्त मूठ असायला हवी होती तिथे, तळहाताएवढ्या जागेत, ती पार झिजून खालचा धागा दिसत होता. रात्रंदिवस कोणी अंधारात हात फिरवून चाचपत राहावं, तशी.

मी बोटं मागे घेतली. जागा कोमट होती. उन्हाने असेल. ऊन मात्र दुसऱ्या बाजूला पडलं होतं.

५

मी नबाबीण उभी करून टाकली. ठिणगी देणारा मॅग्नेटो बिघडला म्हणून सांगितलं, आणि पुंजाजी काकांची बैलगाडी मागून आणली.

"काहून गा," काका म्हणाले, "लोखंडानं चारा मांगतला काय?"

मी हसून वेळ मारून नेली. पण गाडीवर वांग्यांशेजारी बसलेली माय मला पाहवेना. पहिल्या दिवशी ती रस्ताभर मागे वळून पाहत होती. नंतर पाहणंही सोडलं. बाजारात भावाची बोटं चुकीची दाखवू लागली. ताटातली भाकरी कुस्करून चिमण्यांना टाकू लागली. बोलणं तर पूर्ण बंद. तापातून उठल्यावर होती तशी ती पुन्हा झाली, भिंतीकडे तोंड करून बसणारी.

पंचफुला मला म्हणाली, "तुमी भेले, तं तुमी चालवू नोका. पन आत्याबाईचं काय चुकलं? एवढ्या वर्सांनी मैतरीन भेटली तिले."

"मैतरीन कोन हाये थे तं माहीत पायजे."

"मायी वेनी घालनारी हाये. मले पुरे."

एका दुपारी विहिरीवरून येत होतो. छपरातून हसण्याचा आवाज आला. माय गाडीत जाऊन बसली होती, उजवं दार उघडं टाकून. मी पाय न वाजवता ड्रायव्हरच्या जागेपाशी गेलो. इंजिन थंड, गाडी उभी, वाऱ्याचं नाव नाही, कुडावरचं कोळ्याचं जाळंही हलत नव्हतं. मी नळीच्या हस्तिदंती तोंडाला कान लावला.

मायचं बोलणं संपलं. ती थांबली. आणि त्या थांबण्यात, सुपातून धान्य घरंगळावं तशा त्या श्वासात, यावेळी मला एक शब्द कळला. माझं नाव होतं. "शालिक", असं कोणीतरी जिभेवर घेऊन पाहत होतं, चव पाहावी तसं.

मी मडगार्डला धरून उभा राहिलो. आणि काचेपलीकडे माझी माय टाळ्या वाजवत होती. वाकडी बोटं एकमेकांवर आपटत, पोरीसारखी.

मी माझ्या भीतीकडे पाहिलं, आणि तिच्या टाळ्यांकडे पाहिलं. रिठदच्या बाजाराचा दिवस जवळ आला होता. मी मॅग्नेटो पुसायला घेतला.

६

पुसातली थंडी होती. हँडल मारून मारून हात लाल झाले तेव्हा कुठे नबाबीण खोकली, थुंकली आणि चालू झाली. मळ्यातल्या बाया काम सोडून पाहायला आल्या. पुंजाजी काकांनी बोनेटवर थाप मारली. माय मागे टोपल्यांत बसली, नवं लुगडं नेसून. पंचफुला पुढे माझ्याजवळ बसली. वेणी तीच होती. तिने ती सोडलीच नव्हती.

मायने आधीच सांगून ठेवलं होतं, रिठदच्या वाटेवर जुन्या बारवेपाशी चिंचा आहेत, तिथे डावं दार उघड, असं ती म्हातारी म्हणते.

चिंचांपाशी मी गाडी उभी केली. इंजिन बंद केलं नाही, तेवढी हिंमत नव्हती. कोवळं ऊन पडलं होतं, हरभऱ्याच्या शेतावर धुकं तरंगत होतं, लांब कोणीतरी बैलांना हाकारत होतं. इतकी चांगली सकाळ. मी डाव्या बाजूला गेलो. बाहेरची मूठ घट्ट होती. दोन्ही हातांनी फिरवली. दार कुरकुरत उघडलं.

कोणी उतरणार असलं की आपण वाट देतो, तसा मी बाजूला सरलो. मनात म्हटलं, जा बाई. जिथे जायचं तिथे सुखाने जा. माझी माय थोडे दिवस रडेल, पण जा. आणि स्प्रिंगा वर येण्याची वाट पाहत राहिलो. वजन उतरलं की गाडी वर येते, ते मी हजारदा पाहिलेलं होतं.

पायरी करकरली. गाडी खाली बसली.

मला कळेना. पुन्हा करकर झाली. गाडी आणखी खाली बसली. मग पुन्हा. आत माय लगबगीने टोपल्या सरकवत होती, मेथी मांडीवर घेत होती. "सरका वं सरका," ती म्हणत होती, "इथीसा बसा, ह्या कोपऱ्यात. जागा लय हाये." तिचा चेहरा असा फुलला होता की मी ओरडायचं विसरलो.

करकर थांबली. बराच वेळ दार मी तसंच धरून उभा होतो. मग आतून माय म्हणाली, "लाव आता शालिक. थंडी वाजते त्याहीले."

मी दार लावलं. दुसरं काय करणार होतो?

पुढे येऊन बसलो, गिअर टाकला. नबाबीण कण्हत निघाली. काही वेळाने मधल्या काचेकडे नजर गेली. काच आतून धुकावली होती. थंडीच्या दिवसांत काचेजवळ श्वास सोडला की पडतो तसा वाफेचा गोल. मायचा एक असणार. पण माय तर मागे टेकून बसली होती. काचेवर गोल होते, एकाशेजारी एक, वर-खाली, उमटत, विरत, पुन्हा उमटत. आणि मधला एक गोल कोणीतरी आतून बोटाने पुसायला लागलं. बोराएवढी जागा स्वच्छ झाली. त्यात डोळा होता. सुरमा घातलेला, पापणीला सुरकुत्या पडलेल्या, आणि त्या सुरकुत्या हसण्याच्या होत्या.

मी पुढे पाहिलं. रस्त्याकडे, फक्त रस्त्याकडे.

"गाडी जड झाली, नाई?" पंचफुला म्हणाली.

"हो."

"चढाले दम लागन."

"लागू दे."

नळीतून हसणं येत होतं. लग्नघरात बाया वाती वळायला बसल्यावर येतं तसं, बांगड्यांसकट, एकीचं दुसरीत मिसळलेलं. त्यात मायचं हसणं सगळ्यांत मोठं होतं. माझ्या पाठीवर काटा होता आणि तोंडावर हसू होतं. दोन्ही खरं होतं, आणि एकानेही दुसऱ्याला जागा दिली नाही.

पंचफुलाने वाकून नळीला कान लावला. आधी हसली. मग भुवया उंचावून, मान हलवत ऐकत राहिली. मग तोंड नळीजवळ नेऊन म्हणाली, "बरं."

"काय म्हनतात?"

तिने समोरच्या रस्त्यावर बोट दाखवलं. पुढे वळणावर ओढ्याच्या काठी एकटी बाभळ होती, तिच्याखाली धुकं अजून निवळलं नव्हतं.

"म्हनतात, तथी अजून एक उभी हाये. लय येळची वाट पाहून राह्यली."

मी डोळे ताणून पाहिलं. बाभळीखाली कोणी नव्हतं.

मी ब्रेक दाबला, आणि डावं दार उघडायला खाली उतरलो.